आईच्या बाजूची वंशावळ

बारावीच्या वर्गात लिंगनिश्चितीचा धडा काढला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. बोरिवलीच्या या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. पोरं बदलली, फळे बदलले, खुसखुस मात्र तीच. मीही दरवर्षी तेच करतो. डस्टर टेबलावर आपटतो आणि म्हणतो, "हसा, हसा. हसून झालं की सांगा, मुलगा होणार की मुलगी हे कुणावर ठरतं? आईवर की बापावर?" निम्मी पोरं 'आई' म्हणतात, उरलेली खाली बघतात. मग मी फळ्यावर काढून दाखवतो. आईकडे दोन एक्स, बापाकडे एक एक्स नि एक वाय. आई बिचारी एक्सशिवाय देणार काय? बापाने एक्स दिला तर मुलगी, वाय दिला तर मुलगा. "घरी जाऊन आजीला सांगा हे," असं म्हटलं की मुली हसतात, आणि त्या हसण्यात जरा वेगळीच मजा असते.

एखादा शहाणा विचारतोच, "सर, मग आधी कळू शकतं ना, मुलगा की मुलगी?" कळू शकतं, पण सांगणं गुन्हा आहे, आणि तो गुन्हा का ठरवावा लागला ते तुझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलींकडे बघून स्वतःच ओळख, असं मी त्याला सांगतो.

पुढचा तास एक्सवरून येणाऱ्या आजारांचा. त्याआधी लिंकेज उरकतो. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली जनुकं पुढच्या पिढीत बहुतेक वेळा जोडीनेच जातात, हे पोरांच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून मी त्यांना चाळीच्या रिडेव्हलपमेंटचं सांगतो. एका मजल्यावरचे शेजारी टॉवर झाल्यावरही एकाच विंगेत भांडत असतात, पहिल्या खोलीतला आणि शेवटच्या खोलीतला मात्र पांगू शकतो. हे बरोबर कळतं, कारण निम्म्या वर्गाच्या घरी तेच चाललेलं असतं. मग रंगांधळेपणा, आणि शेवटी हिमोफिलिया. रक्तात गुठळी धरायला लागणारा एक घटक कमी. दोष एक्सवर. बाईकडे दोन एक्स, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, तिला बहुधा काही होत नाही. पुरुषाकडे एकच, त्याची वाट लागते. फळ्यावर मी चौकोन आणि गोल काढतो. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. आजारी पुरुषाचा चौकोन खडूने पूर्ण भरायचा. बाई आजार वाहून नेत असेल तर तिच्या गोलात फक्त एक टिंब द्यायचं.

असा भरलेला एक चौकोन हातात खडू घेऊन समोर उभा आहे, हे मी आजवर एकाही वर्गाला सांगितलेलं नाही. माझा डावा गुडघा पुरता वाकत नाही. सर बाईकवरून पडले होते अशी कॉलेजात समजूत आहे. मी आयुष्यात बाईक चालवलेली नाही, पण ती समजूत मोडायच्या भानगडीतही पडलो नाही.

लोकांना वाटतं, हिमोफिलिया म्हणजे बोट कापलं की माणूस संपला. तसं नसतं हो. बोटाचं थांबतं, जरा वेळाने थांबतं. त्रास देतं ते आतलं रक्त. काही लागलेलं नसतानाही घोटा गरम होतो, गुडघ्यात मुंग्या आल्यासारखं होतं, आणि दोन तासांत तिथे नारळ बसवल्यासारखी सूज. पाय कुठे ठेवावा कळत नाही. आता माझ्या फ्रिजमध्ये इंजेक्शनं असतात, त्यामुळे वेळ सहसा तिथवर येत नाही. लहानपणी मात्र बर्फ आणि आई, एवढंच होतं.

तर मागल्या वर्षी एका रविवारी सकाळी माझी भाची माझ्या कांदिवलीच्या घरी आली. भाची म्हणजे माझ्या ताईची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन मुलुंडला गेली, तिथेच नोकरी करते. ताई आणि भावोजी दहिसरला राहतात. मी लग्न केलं नाही, त्यामुळे ही पोरगी निम्मी माझ्याच घरात वाढली. तिचे कान टोचले तेव्हा मामा म्हणून ती माझ्याच मांडीवर होती. सोनाराने तार घातली तसे मी डोळे गच्च मिटले होते. उघडून बघतो तर कानावर रक्ताचा एक बारीकसा थेंब, आणि तोही बघता बघता सुकला. एवढंच? असं पटकन थांबतं लोकांचं? मला त्या दीड महिन्याच्या पोरीचा चक्क हेवा वाटला होता.

"मामा, एक काम होतं तुझ्याकडे," ती म्हणाली.

"बोल की."

"तुझं रक्त पाहिजे."

"इतकी वर्षं थेंब थेंब जपलं गं, आणि तू एका फटक्यात मागतेस?"

ती हसली, पण हसणं लगेच विझलं. तेव्हा मला कळलं की हिचं काहीतरी वेगळं आहे. ती म्हणाली, आम्ही दोघं बाळाचा विचार करतोय. डॉक्टरने घराण्यातल्या आजारांचं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की मामाला हिमोफिलिया आहे. मग डॉक्टर म्हणाले की तुम्ही वाहक आहात का ते बघून घ्या. पण जनुकात नेमकी चूक कुठे आहे ते आधी मामाच्या रक्तात शोधावं लागेल. तिथे सापडली की तीच चूक तुमच्यात आहे का ते सांगता येईल.

"म्हणजे माझ्याच वहीतली चूक तुझ्या वहीत शोधायची," मी म्हटलं.

"तुला चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय! कधी जायचं ते सांग."

ती पोहे खाऊन, माझ्या स्वयंपाकघराच्या अवतारावर लेक्चर देऊन गेली. ती गेल्यावर मी जेवायला बसलो. तिच्यात असण्याची शक्यता किती, हे गणित मी झोपेतही करू शकतो. आईकडून ताईकडे आलेलं असण्याची शक्यता निम्मी, ताईकडून हिच्याकडे त्याच्या निम्मी. ते नव्हतं छळत मला. असलं तर पुढे काय, हे छळत होतं. कारण पोटातल्या बाळाचीही ही तपासणी होते, आणि तिचा निकाल वाईट आला की लोक काय ठरवतात ते मला ठाऊक आहे. त्यांना नावं ठेवणारा मी कोण? ज्याने ती दुखणी काढलीत तोच आधी म्हणेल, नको रे बाबा. पण तरी. माझ्या मांडीवर वाढलेल्या पोरीला माझ्यासारखं मूल नको असेल, तर मी तिच्याकडे परत कुठल्या तोंडाने बघायचं? मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. ताटावर झाकण ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसलो.

आमच्या घरात हा आजार कुठून आला ते शोधण्याचा पहिला उद्योग माझ्या बापाने केला होता, आणि त्याची गोष्ट मी आजही सांगताना हसतो. वडील गिरणीत होते. आम्ही मूळचे मालवणकडचे. मी रांगायला लागलो तसे माझ्या अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले. चाळीत कुजबुज सुरू झाली की ही बाई पोराला मारते. मग गावाहून मोठ्या काकांचं पत्र आलं की हे घराण्याचं काहीतरी राहिलेलं आहे. वडील रजा टाकून गावी गेले, देवाला कौल लावला. पणजोबांच्या वेळचं काहीतरी द्यायचं राहिलंय असं निघालं. नारळ झाला, कोंबडा झाला, सगळ्या भावकीने मिळून देवासमोर गाऱ्हाणं घातलं. मी सहा वर्षांचा झालो तेव्हा माझा पहिला दुधाचा दात पडला आणि दोन दिवस तोंडातून रक्त थांबेना. तेव्हा कुठे आम्ही मोठ्या हॉस्पिटलात पोचलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घराण्यात आणखी कुणाला आहे का असं? पुढच्या वेळी माहिती काढून आणा." वडील शब्दाचे पक्के. पुढच्या वेळी ते थेट आमची वंशावळ घेऊन गेले. काकांकडून मागवलेली, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेली, सुरनळी करून दोरा बांधलेली. टेबलावर अशी ऐटीत पसरली, जणू डॉक्टरीणबाई आता उठून नमस्कारच करणार. सात पिढ्या, पन्नास-साठ नावं. बाईंनी चष्मा वर करून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "यात बायका कुठे आहेत?"

वडील म्हणाले, "बायका कशाला? ही वंशावळ आहे."

बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, हा आजार बायकांच्या वाटेने येतो. आणि तुम्ही मला पुरुषांचा नकाशा आणून दाखवताय." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तो कोंबडा बिचारा फुकट गेला.

मग त्या आईकडे वळल्या. आई दाराजवळ मला धरून उभी होती. तिला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं, कौल लावतानाही नाही. "तुम्हाला भाऊ होता?" आई म्हणाली, होता एक. नऊ वर्षांचा असताना रतांब्याच्या झाडावरून पडला. बाहेर कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. पोट फुगत गेलं आणि तिसऱ्या दिवशी गेला. झाडावरचं काहीतरी लागलं असं गाव म्हणालं. बाईंनी कागदावर एक चौकोन काढला आणि पेनाने भरून टाकला. "तुमच्या आईचं नाव?" ते आईने सांगितलं. "तिच्या आईचं?" आईने आपल्या आजीला 'आये' याशिवाय दुसऱ्या नावाने कधी ऐकलंच नव्हतं. सात पिढ्यांच्या कागदासमोर तिची वाट दोन पिढ्यांत संपली.

शेवटी बाई म्हणाल्या, "हे तुमच्याकडून आलंय मुलाला." वाईट मनाने नाही म्हणाल्या. माहिती म्हणून म्हणाल्या. पण त्या दिवसापासून माझी आई बदलली.

वडिलांनी तिला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, हे आवर्जून सांगतो. माझा पाय सुजला की ते मासळीबाजारात पळायचे आणि बर्फ आणायचे. त्या बर्फाला बांगड्याचा वास यायचा. आई तो फडक्यात बांधून माझ्या गुडघ्यावर धरायची, आणि एकीकडे माझ्या पायाला हात लावून म्हणायची, "माका माफ कर रे झिला. ह्या माझ्याकडसून इला." प्रत्येक वेळी. घोटा सुजला, माफी. हिरडीतून रक्त आलं, माफी. परीक्षा बुडली, माफी. मी आठ-नऊ वर्षांचा, दुखण्याने कळवळतोय, आणि तशात मलाच तिचे डोळे पुसावे लागायचे.

पुढे मी हेच शिकलो. एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजात नुकतंच हे सगळं कळलं होतं, डोक्यात हवा गेली होती. एका दुपारी आईला खाली बसवलं आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चौकोन-गोल काढून सगळं समजावलं. आई, हा निव्वळ योगायोग असतो, छापा-काटा, ताईला चांगला एक्स गेला असेल, मला बिघडलेला आला. छान रंगवून सांगितलं. आईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग गोलातल्या टिंबावर बोट ठेवून विचारलं, "ह्या टिंब म्हणजे मी?"

"हो."

"म्हणजे माझ्याकडसूनच इला."

आणि मी गाढव, मी काय बोलावं? "शास्त्रीयदृष्ट्या, हो," असं म्हणालो. पूर्ण मार्कांचं उत्तर दिलं. तिने कागद घडी घालून मला परत दिला आणि चहा टाकायला उठली. समजावून सांगितलं म्हणजे तिचं ओझं उतरलं असं मी धरून चाललो. ती जाऊनही आता पाच वर्षं झाली.

रक्त द्यायला आम्ही घाटकोपरच्या एका लॅबमध्ये गेलो. मी, भाची आणि ताई. तिघांचं एकदमच द्यायचं असं भाचीने ठरवलं होतं. माझा नंबर आला तसा मी तिथल्या मुलाला आजाराचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "घाबरू नकोस रे, मी काय फुटणार नाही," असं म्हणून मीच त्याला धीर दिला. सुई काढल्यावर भाचीने माझ्या दंडाजवळ कापूस धरला आणि समोरच्या घड्याळावर नजर लावून दहा मिनिटं अंगठ्याने दाबून उभी राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आजीला बघत बघतच ती हे शिकली.

मग ताईचं नाव पुकारलं, तर बाईसाहेब पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या त्या बसल्याच.

"आई, चल ना."

"मला नाही द्यायचं."

"अगं, तुझ्यात नसलं तर माझं बघायचीसुद्धा गरज नाही. विषय संपला."

"आणि असलं तर?" ताई म्हणाली. "मला नको कळायला. आईचं काय झालं ते मी बघितलंय." मी काही बोलायला तोंड उघडणार तर माझ्यावरच उसळली, "तू गप्प बस. तुझं जे आहे ते सगळ्यांना दिसतं तरी. माझं आतलं आत आहे, तर राहू दे आतच."

ताईचं मन वळवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. शेवटी भाचीने एकटीने दिलं. भावोजी धडधाकट असल्यामुळे भाचीत निघालं तर ते ताईकडूनच आलेलं असणार, हे मला माहीत होतं आणि भाचीलाही. ताईला ते आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

रिपोर्टला महिना लागेल असं सांगितलं होतं. नेमका त्याच महिन्यात वर्गात तो धडा आला. तास संपता संपता पुढच्या बाकावरच्या एका मुलीने, अगदी सरळ मनाने, विचारलं, "सर, आपल्यात असा आजार आहे हे आधी कळलं, तर मूल होऊ द्यावं का?" दरवर्षी कुणी ना कुणी हे विचारतं. मी दरवर्षी सांगतो, तो त्या जोडप्याचा निर्णय. यंदा मी तिच्यावर खेकसलो, "परीक्षेत येत नाही ते! पुढचा प्रश्न!" बिचारी एवढीशी झाली. दुसऱ्या दिवशी मी तिची वर्गासमोर क्षमा मागितली, पण कारण सांगू शकलो नाही.

कारण हे होतं की तो पूर्ण महिना मी मनातल्या मनात माझ्या बाजूने वकिली करत होतो. भाची एक ना एक दिवस विचारणार, मामा, तुझं आयुष्य कसं गेलं, खरं सांग. तेव्हा काय सांगायचं? दुखलं, खूप दुखलं. शाळेचं अर्धं वर्ष बुडायचं. क्रिकेटमध्ये जन्मभर स्कोअर लिहायची पाळी आली. एका मुलीला मी आवडायचो, तिच्या घरच्यांनी चौकशी केली आणि तिचं येणं बंद झालं. हे एका पारड्यात. आणि दुसऱ्यात? जुहूच्या वाळूत बसून खाल्लेली भेळ सांगू? पहिल्या पगारात आईला घेतलेलं लुगडं सांगू? की एक टकली पोरगी मांडीवर आली आणि माझं बोट धरून झोपली, ते सांगू? पण तिच्या निर्णयावर माझं वजन पडता कामा नये. आणि तिने मला नको म्हणू नये. दोन्ही एकदमच हवं होतं मला.

एका बुधवारी स्टाफरूममध्ये असताना मेसेज आला. 'मामा, आहे.' एवढंच. मी 'बरं' असं लिहिलं, खोडलं, 'रविवारी ये, सुरमई आणतो' असं लिहिलं आणि पाठवलं.

रविवारी ती आली. सुरमई दोघांनी मिळून तळली. जेवणं झाली, ती माझ्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मामा, एक विचारू? खरं सांगशील?"

आली वेळ. मी घसा साफ केला आणि महिनाभर पाठ केलेलं सुरू केलं. दुखण्याचं काही लपवलं नाही. मग म्हटलं, "पण हे बघ, एवढं सगळं धरूनही, मला कुणी विचारलं असतं की जन्माला येतोस का, तर मी..."

"मामा, थांब, थांब." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "मी ते विचारत नाहीये."

"मग?"

"मूल तर आम्ही होऊ देणारच आहोत. आमचं दोघांचं ठरलंय. मुलगी होईल, मुलगा होईल. मुलाला असेल किंवा नसेल. असलं तर आता औषधं आहेत, आणि कसं जगायचं ते दाखवायला तू आहेस. तू मला नको होतास असं मी कधी म्हणेन का रे? वेडा आहेस का?" तिचे डोळे भरले होते. "मी विचारतेय की आजीचं काय चुकलं? तुला कशाचा त्रास झाला, आजाराचा सोडून? तेवढं सांग. तेवढं मला करायचं नाहीये."

भलत्याच विषयाचा अभ्यास करून परीक्षेला बसल्यासारखी माझी गत झाली. मग जे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

मी अकरा वर्षांचा होतो. चाळीच्या अंगणात लगोरी खेळताना घसरलो. लागलं असं काहीच नाही, पण घरात येईपर्यंत डावा गुडघा गरम झाला होता. मला लगेच कळलं, आपल्याला आधी कळतंच. आई भाकऱ्या थापत होती आणि गुणगुणत होती. ती फार क्वचित गुणगुणायची. मी दारात उभा राहून बघितलं आणि ठरवलं की सांगायचं नाही. सांगितलं की ती भाकरी टाकून येणार, माझ्या पायाला हात लावणार आणि माफी मागणार. मला दुखणं चाललं असतं, ती माफी नको होती. दोन दिवस मी अभ्यासाचं निमित्त करून चादरीखाली पाय लपवून बसलो. तिसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा उचलून नेलं. तो हा गुडघा. आधी का आणलं नाही, असं डॉक्टर ओरडले. आई म्हणाली, बोललो नाय तो. आणि घरी आल्यावर तिने त्याचीही माफी मागितली.

"म्हणून सांगतो," मी भाचीला म्हटलं. "त्याला इंजेक्शन दे, बर्फ लाव, मस्ती केली तर दोन धपाटेही घाल, जपून घाल. रडू आलं तर इथे माझ्याकडे येऊन रड. पण त्याची माफी मागू नकोस. कधीच नाही. आईने माफी मागितली की पोराला वाटतं, आपण म्हणजेच कुणाची तरी चूक आहोत."

ती माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. मीही रडलो, लाजायचं काय त्यात. जरा वेळाने नाक पुसत म्हणाली, "मामा, आई रोज फोन करते. रिपोर्ट ऐकून तिचं तिलाच कळलं, तेव्हापासून रोज. आणि रोज माझी माफी मागते. मी तिला सगळं समजावलं, की आई, हा चान्स असतो, फिफ्टी-फिफ्टी असतं, यात कुणाचं..."

"समजावू नकोस," मी म्हटलं. "फोन दे."

ताईने लगेच उचलला. मागे तिची मालिका चालू होती. "काय गं, जेवलीस?"

"मी आहे," मी म्हटलं. आणि पुढचं सगळं आई गेल्यापासून तोंडात न आलेल्या मालवणीत बाहेर पडलं. "ताई, ऐक. तुझा काय एक चुकला नाय. आयेचा पण नाय चुकला. कोणाचाच नाय."

मालिकेचा आवाज बंद झाला. मग तिने विचारलं, "तू ह्या आयेक कधी सांगलंस?"

"नाय," मी म्हटलं. "म्हणान तुका सांगतंय."